‘गेट’चे अर्थ पाठ करू नका, वाक्यातलं ‘मला’ शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तारकर्लीजवळ तुमचं चार खोल्यांचं निवास-न्याहारी आहे, इंग्रजी दहावीपर्यंत झालेलं, पाहुण्यांचं बोलणं बरंचसं कळतं. पण वाक्यात ‘गेट’ (get) हे क्रियापद आलं की गाडी अडते. शब्दकोशात पाहिलं तर अर्थांची रांग संपेना. ते सगळे पाठ करायचे का? शिवाय तुमच्या फाटकाजवळ ‘फ्रेश फिश गेट हिअर’ अशी पाटी आहे आणि मागच्या आठवड्यात दोन पाहुण्या मुली तिचा फोटो काढून खुदुखुदू हसत होत्या. त्यात हसण्यासारखं काय, हा दुसरा प्रश्न. पाटीचं शेवटी सांगते, कारण तिचं उत्तर कळायला आधीचं सगळं लागेल.

पाठ करू नका. मी 31 वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यातली बरीचशी मालवण-कुडाळ भागात. निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी होडीवाले, खानावळवाल्या, होमस्टेवाले अशांचा छोटा वर्ग घेते. शाळेत असताना मीही फळ्यावर ‘गेट म्हणजे मिळणे’ एवढंच लिहून पुढे जायचे. चूक नव्हतं ते, पण अपुरं होतं, आणि त्याचा त्रास काय होतो हे मला या संध्याकाळच्या वर्गात कळलं. शाळेतला मुलगा चुकला तर एक मार्क जातो. इथे गिऱ्हाईक समोर उभं असतं.

आधी एक उलटा प्रयोग करा. तुमच्याकडे उतरलेल्या एखाद्या परदेशी पाहुण्याने मराठी शिकायचं मनावर घेतलं आणि विचारलं, ‘लागणे’ म्हणजे काय हो? काय सांगाल? भूक लागते, दिवा लागतो, निकाल लागतो, डोळा लागतो, ठेच लागते, वेळ लागतो, वेड लागतं, होडी किनाऱ्याला लागते, झाडाला फणस लागतात, आणि वर ‘तो तुमचा कोण लागतो?’ हे आहेच. ‘बस लागली’ म्हणजे स्टँडवर गाडी येऊन उभी राहिली, की आंबोली घाटात पोटात ढवळलं? आपण यातला एकही अर्थ पाठ केलेला नाही. शेजारी कोणता शब्द बसलाय त्यावरून डोक्यात आपोआप उजेड पडतो. ‘गेट’चंही तसंच आहे. स्वतः त्याचं वजन फार थोडं. त्याच्या मागून कोण येतं ते बघायचं.

तरीही एक धागा सगळीकडे सापडतो. ‘गेट’ म्हणजे आधी नव्हतं, आता झालं. वस्तू माझ्याकडे नव्हती, आली. मी त्या जागी नव्हतो, पोचलो. मी कोरडा होतो, भिजलो. बदल झाल्याशिवाय इंग्रज माणूस ‘गेट’ला हात लावत नाही. म्हणून ‘आय ॲम वेट’ म्हणजे मी ओला आहे, आणि ‘आय गॉट वेट’ म्हणजे मी भिजलो. ‘इट इज डार्क’ म्हणजे अंधार आहे. ‘इट इज गेटिंग डार्क’ म्हणजे अंधार पडायला लागलाय, किनाऱ्यावरनं परत या. आपल्याकडे ‘आहे’ आणि ‘झालं’ यांत जो फरक, तोच तिथे ‘इज’ आणि ‘गेट’मध्ये.

आता मुख्य गोष्ट. ही मला कुठल्या पुस्तकात मिळाली नाही, वर्गातल्या चुकांमधून सापडली. मराठीत आपल्याला जे काही होतं, ते ‘मला’ने सुरू होतं. मला पत्र मिळालं. मला राग आला. मला सर्दी झाली. मला धक्का बसला. मला कंटाळा आला. मला सवय झाली. मला समजलं. क्रियापद दर वेळी वेगळं: मिळतं, येतो, होते, बसतो. राग ‘बसत’ नाही आणि धक्का ‘होत’ नाही. कुणासोबत कोण, हे आपल्या तोंडात लहानपणापासून ठरलेलं आहे. इंग्रजीत या सगळ्यांना एकच क्रियापद चालतं आणि ‘मला’चा ‘आय’ होतो. आय गॉट अ लेटर. आय गॉट अँग्री. आय गॉट अ कोल्ड. आय गॉट अ शॉक. आय गॉट बोअर्ड. आय गॉट यूज्ड टू इट. आय गॉट इट.

म्हणजे बघा, अवघड काम आपण मराठीत आधीच करून बसलोय. वर्गात एक होडीवाला ‘अँगर केम टू मी’ म्हणाला तेव्हा बाकीचे हसले, पण तो मराठीशी शंभर टक्के प्रामाणिक होता. राग आपल्याकडे खरंच बाहेरून येतो आणि आपण बिचारे ‘मला’ होऊन बसतो. इंग्रजीत माणूस पुढे बसतो. म्हणून मी सांगते: मराठी वाक्य मनात आलं, त्यात ‘मला’ आहे आणि काहीतरी नवं झालंय, तर ‘आय गॉट’ लावून बघा. दहातली सात वेळा बरोबर येईल.

उरलेल्या तीन वेळा काय? ‘मला आवडतं’, ‘मला माहीत आहे’, ‘मला पोहता येतं’ यांत ‘मला’ आहे पण बदल काही झालेला नाही, त्यामुळे ‘गेट’ नाही. ‘मला दिसलं’, ‘मला आठवलं’ यांना इंग्रजीत स्वतःची क्रियापदं आहेत. आणि ‘मला उशीर झाला’चं ‘आय गॉट लेट’ आपल्या देशात सर्रास चालतं, पण इंग्लंड-अमेरिकेतल्या कानाला ते खटकतं. तिथे ‘आय वॉज लेट’ म्हणतात, किंवा रस्त्यात कशामुळे तरी अडकलो असेन तर ‘आय गॉट डिलेड’.

काही गोष्टी पाहुणा कोण यावर अवलंबून आहेत, हे आधीच मान्य करते. पुण्या-बंगळुरूचा पाहुणा जे ‘गेट’ वापरतो ते आपल्यासारखंच असतं, तिथे तुमची गाडी अडणार नाही. ब्रिटिश आणि अमेरिकन पाहुण्यांत थोडा फरक आहे. ‘हॅव गॉट’ म्हणजे नुसतं ‘जवळ असणं’: ‘हॅव यू गॉट अ टॉवेल?’ म्हणजे टॉवेल आहे का. हे ब्रिटिशांच्या तोंडी जास्त. यात बदल-बिदल काही नाही, धाग्यातून सुटलेला मणी समजा. अमेरिकन माणूस मात्र ‘गॉटन’ असं एक रूप वापरतो. ‘इट हॅज गॉटन हॉट’ म्हणजे गरम झालंय. ती चूक नाही. इंग्लंडमध्ये ते रूप मागे पडलं, अमेरिकेत टिकलं, इतकंच.

आता एक प्रसंग सांगते, त्याने जागेबद्दलचं ‘गेट’ कायमचं लक्षात राहील. मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होडीत मी बसले होते. होडीवाला माझा जुना विद्यार्थी. आमच्यात एक गोरं जोडपं होतं, डोक्यावर मोठ्या टोप्या, हातात शहाळी. होडी किल्ल्याच्या दगडांपाशी लागली, तशी लाट आली म्हणून हा घाईने ओरडला, ‘गेट डाऊन, गेट डाऊन!’ आम्ही सगळे उठून उतरायला लागलो आणि ते दोघं होडीच्या तळाशी उकिडवे बसले. बाईंनी टोपी दोन्ही हातांनी डोक्यावर घट्ट धरली, गृहस्थ आभाळाकडे बघायला लागले, काय येऊन पडतंय म्हणून. शहाळं घरंगळत माझ्या पायाशी आलं. होडीवाला मला विचारतो, ‘बाई, माजा काय चुकला?’

चुकलं असं की ‘उतरा’ याला आपल्या देशात सगळे ‘गेट डाऊन’ म्हणतात, एसटीपासून विमानापर्यंत. इंग्रजाच्या कानाला ‘गेट डाऊन’ म्हणजे खाली वाका, दबा. गाडीतून उतरायला त्यांचे शब्द दोन. ज्या वाहनात उभं राहून चालता येतं त्याला ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’: एसटी, रेल्वे, विमान, दाभोळ-धोपावेची फेरीबोट. ज्यात वाकून शिरावं लागतं त्याला ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट’: कार, रिक्षा, लहान होडी. स्कूटर आणि घोड्यावर आपण वर बसतो, म्हणून तिथे परत ‘ऑन’ आणि ‘ऑफ’. किल्ल्याची होडी या दोन्हींच्या मधली आहे. ‘ऑफ’ म्हटलं तर कुणी हसणार नाही. एक सावधगिरी मात्र हवीच. ‘गेट आउट’ हे दोनच शब्द सुटे म्हणू नका, ते ‘चालते व्हा’ होतं. ‘यू कॅन गेट आउट हिअर’ म्हणा, म्हणजे ‘इथे उतरा हां’ असा सूर येतो.

जागेचंच पुढे: ‘हाऊ डू वुई गेट टू कुडाळ स्टेशन?’ म्हणजे कुडाळ स्टेशनला कसं जायचं, कसं पोचायचं. ‘गेट टू’च्या मागे ठिकाण आलं की पोचणं. फक्त ‘होम’, ‘हिअर’, ‘देअर’ या तिघांना ‘टू’ लागत नाही: गेट होम, गेट हिअर, गेट देअर. पाटीसाठी हे लक्षात ठेवा, मी परत येणार आहे. आणि ‘कॅन समवन गेट अस फ्रॉम द स्टेशन?’ असं कुणी फोनवर विचारलं तर ते ‘स्टेशनवर घ्यायला कुणी येईल का’ असं विचारतायत. ‘वुई आर गेटिंग द कोकणकन्या’ म्हणजे त्यांना ती गाडी पकडायची आहे. रात्रीचं जेवण लवकर लावा.

पण त्याच ‘गेट टू’च्या मागे ठिकाणाऐवजी क्रिया आली की गंमत होते, आणि इथे आपली मराठी अगदी चपखल बसते. ‘वुई गॉट टू सी डॉल्फिन्स!’ म्हणजे आम्हाला डॉल्फिन पाहायला मिळाले. ‘पाहायला मिळणे’, ‘खायला मिळणे’, ‘भेटायला मिळणे’ हे तंतोतंत ‘गेट टू’ आहे: संधी आली, नशीब म्हणा. पण ‘यू हॅव गॉट टू सी इट’ म्हटलं की अर्थ पालटतो: पाहायलाच हवं, चुकवू नका. मध्ये ‘हॅव’ आहे की नाही, एवढ्यावर सगळं आलं. त्रास असा, की बोलताना तो ‘हॅव’ गिळला जातो आणि ‘गॉट टू’चं ‘गॉटा’ होतं. ‘यू गॉटा ट्राय द सोलकढी’ हे तुम्ही ऐकलं असेल. तिथे सोलकढी मिळाल्याची बातमी नाही, पिऊन बघच असा आग्रह आहे. ‘गॉटा’ ऐकलं की ‘च’ जोडायचा. ‘प्यायलाच हवी’मधला तो ‘च’.

उच्चाराचं निघालंच आहे तर सांगून टाकते. तुमची गाडी अर्थापाशी अडते असं तुम्हाला वाटतं, पण कितीदा तरी ती कानापाशीच अडलेली असते. अमेरिकन माणूस दोन स्वरांमधला ‘ट’ मऊ करून ‘ड’च्या जवळ नेतो. ‘गेट इट’ ऐकू येतं ‘गेडिट’, ‘गेट अप’ होतं ‘गेडप’. वर्गातल्या एका वहिनींनी मला विचारलं होतं, ‘बाई, गेडिट म्हणजे कुठला पदार्थ?’ आणि देवनागरीत ‘गेट’ एकसारखं दिसलं तरी फाटकाचं ‘गेट’ इंग्रजीत लांब आहे, जवळजवळ ‘गेइट’. आपलं क्रियापद आखूड, तोंडातनं पटकन सुटणारं.

झालं, आता ‘गेट’मागे क्रियापदाचं तिसरं रूप येतं ते बघू. ‘वुई गॉट लॉस्ट’, ‘द बोट गॉट कॅन्सल्ड’, ‘ही गॉट स्टंग बाय अ जेलीफिश’. पहिलं म्हणजे वाट चुकलो, दुसरं होडी रद्द झाली, तिसरं जेलीफिशने डंख मारला. शाळेत आपण ‘वॉज कॅन्सल्ड’ असं कर्मणी शिकलो. मग हे काय? आपल्याकडे ‘होडी रद्द करण्यात आली’ आणि ‘होडी रद्द झाली’ अशी दोन वाक्यं आहेत. पहिलं धक्क्यावरच्या सूचनाफलकावर शोभतं, दुसरं आपण घरी येऊन बायकोला सांगतो. ‘वॉज’ आणि ‘गॉट’मध्येही साधारण तेवढंच अंतर. ‘गॉट’मध्ये घडल्याची चुटपुट आहे, बहुतेकदा मनाविरुद्ध काहीतरी झाल्याची. लग्नालाही इंग्रजीत ‘गॉट मॅरिड’च म्हणतात, त्यावर मी काही बोलत नाही.

याच्याच शेजारी एक रूप आहे, ते तुमच्या धंद्यात सगळ्यात जास्त लागेल, म्हणून त्यावर जरा थांबते. पंखा बंद पडला. पाहुण्याने तक्रार केली. तुम्ही मराठीत म्हणाल, ‘उद्या दुरुस्त करतो.’ त्याचं ‘आय विल रिपेअर द फॅन’ केलंत तर पाहुण्याला वाटेल तुम्ही स्वतः स्टुलावर चढून पेचकस चालवणार. मराठीत आपण हा फरक फारसा पाळत नाही. ‘आज केस कापले’ असं म्हणतो, कापलेले असतात न्हाव्याने. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हणजे आरशासमोर स्वतः कात्री चालवली. न्हाव्याकडून कापून घेतले तर ‘आय गॉट माय हेअर कट’. म्हणून पंख्याचं ‘आय विल गेट द फॅन रिपेअर्ड’. मनात ‘करून घेतो’ आणा, ‘करतो’ नको. करून घेतो: गेट, मग वस्तू, मग तिसरं रूप. गेट द रूम क्लीन्ड, गेट द शीट्स चेंज्ड, गेट द कार वॉश्ड. हा क्रम पक्का करा. ‘गेट रिपेअर्ड द फॅन’ असा उलटा करू नका, कारण वस्तू मध्येच बसते.

आणि करून घेताना माणसाचं नाव घ्यायचं असेल तर ‘टू’ घाला: ‘आय विल गेट माय ब्रदर टू ड्रॉप यू’. भावाला सांगून तुम्हाला सोडायची व्यवस्था करतो. ‘मेक’सोबत ‘टू’ लागत नाही, ‘गेट’सोबत लागतं, असं का, ते विचारू नका, व्याकरणातही काही गोष्टी देवस्थानच्या मानकऱ्यांसारख्या असतात, ज्याचा मान त्याला. मात्र ‘मेक’मध्ये जबरदस्ती वाटते आणि ‘गेट’मध्ये पटवून, मिनतवारी करून तयार केल्याचा वास येतो. माझे दोन्ही भाऊ ‘गेट’वालेच.

आता देवबागच्या एका खानावळीतली गोष्ट. मालकीण माझ्या वर्गातली, तिनेच सांगितली. दोन परदेशी मित्र जेवून उठायच्या बेतात होते. तिने बशीत बडीशेप आणि बिल ठेवलं. टेबलावर शेजारीच तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, सुक्याची प्लेट, जवळजवळ चाटून पुसून. एक म्हणाला, ‘आय विल गेट धिस.’ दुसरा म्हणाला, ‘नो नो, आय विल गेट इट.’ मग पहिला पुन्हा, जरा जोरात. हिला वाटलं दोघांचंही मन त्या तिसऱ्यांवर आहे, ‘गेट म्हणजे मिळणे’ ना! ती आत गेली आणि तिसऱ्यांच्या दोन गरम प्लेट आणून ठेवल्या. दोघं एकमेकांकडे बघत बसले, मग हसले आणि मुकाट्याने दोन्ही खाल्ल्या. बिल वाढलं ते वेगळंच. ‘आय विल गेट धिस’ म्हणजे ‘हे मी देतो’. बिलावर झोंबाझोंबी आपल्याकडे होते तशीच. हेच वाक्य दारावर टकटक झाली किंवा फोन वाजला की ‘मी बघते, मी घेते’ असं होतं. हात त्या वस्तूकडे जातो, ‘गेट’ तिथून येतं. तीच मालकीण म्हणते, बाई, तुमच्या चुकीच्या शिकवण्याने माझा धंदा झाला.

जोडशब्दांची यादी मी मुद्दाम देत नाही, कारण यादी वाचून ते येत नाहीत. चारच सांगते, तुमच्या कामाचे. ‘गेट बॅक टू यू’ म्हणजे तुम्हाला कळवतो. बुकिंग करणाऱ्याला ‘आय विल गेट बॅक टू यू’ म्हटलंत तर कळवा मात्र, कारण तो वाट बघतो. ‘गेट अलाँग’ म्हणजे पटणं. ‘गेट ओव्हर’ म्हणजे आजारातून किंवा दुःखातून सावरणं. आणि ‘गेट बाय’, म्हणजे भागणं: ‘माय इंग्लिश इज नॉट ग्रेट, बट आय गेट बाय’, इंग्रजी जेमतेम, पण भागतं. हे शेवटचं वाक्य तुम्ही बिनधास्त वापरा, पाहुणे खूश होतात. ‘वेक अप’ आणि ‘गेट अप’ यांत मात्र गोंधळ घालू नका: जाग येणं वेगळं आणि अंथरुणातून उठणं वेगळं, कोकणात पावसाळी सकाळी दोन्हींत तासाभराचं अंतर असतं. आणि ‘वुई शुड गेट गोइंग’ म्हणजे आता निघायला हवं; एका काकांनी ‘गोइंग’ ही वस्तू पाहुण्यांना हवीय असं समजून दुकानात विचारून येतो म्हटलं होतं.

जाता जाता एक बारीक गोष्ट. हे क्रियापद मूळचं इंग्लंडचं नाहीच. उत्तरेकडून होड्यांतून आलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेतलं ‘गेटा’ मध्ययुगात इंग्रजीने घेतलं. ‘टेक’ तिथलंच, अंड्याचं ‘एग’ तिथलंच, इतकंच काय ‘ते लोक’ म्हणतो तो ‘दे’सुद्धा. जुन्या इंग्रजीत याचा भाऊबंद होता, पण एकटा फिरत नसे, दुसऱ्या तुकड्याला चिकटून असे. तो अजून ‘फर्गेट’मध्ये दडलेला आहे. मिळवलेलं हातातून सुटणं, म्हणजे विसरणं. आपल्याकडेही पोर्तुगीज समुद्रातून आले आणि पाव, बटाटा, काजू, चावी, पगार असे शब्द ठेवून गेले. पण आपण त्यांची नामं घेतली. रोजच्या बोलण्याच्या बुडाशी असलेलं क्रियापद परक्याकडून घेणं ही वेगळीच सलगी. नॉर्स लोक तिथे नुसते लुटायला आले नव्हते, राहिले, शेती केली, लग्नं केली. ‘गॉट मॅरिड’.

तर तुम्ही प्रत्यक्ष काय करायचं? ऐकण्यासाठी आणि बोलण्यासाठी वेगवेगळा हिशेब ठेवा. ऐकताना ‘गेट’वर अडकू नका, पुढच्या शब्दावर कान ठेवा: वस्तू आली तर मिळणं-आणणं, विशेषण आलं तर होणं, ठिकाण आलं तर पोचणं, तिसरं रूप आलं तर घडणं. बोलताना मात्र सहा-सात वाक्यं पक्की करा आणि तेवढ्यावर राहा. शाल आय गेट यू सम टी? आय विल गेट इट फिक्स्ड. यू कॅन गेट अ रिक्षा फ्रॉम द नाका. डोन्ट गेट टू क्लोज टू द रॉक्स. इट गेट्स क्राउडेड ऑन संडेज. डिड यू गेट माय मेसेज? यांत तुमचा दिवस निघतो. ‘गेट मी वॉटर’ असं हुकमी कुणालाही म्हणू नका, आणि पाहुण्याने म्हटलं तरी मनाला लावून घेऊ नका, काहींच्या घरी तसंच बोलतात.

लिहिताना जरा बेताने. फोनवरच्या निरोपात ‘वुई गॉट युअर बुकिंग’ चालतं. पण अभिप्रायाला उत्तर देताना किंवा एखाद्या कंपनीला ईमेल पाठवताना ‘रिसीव्ह्ड’, ‘अराइव्ह्ड’, ‘बिकम’ असे स्वतंत्र शब्द बरे दिसतात. एका परिच्छेदात चार ‘गेट’ आले की लेखन घरच्या कपड्यांत लग्नाला गेल्यासारखं वाटतं.

आता पाटी. ‘येथे ताजे मासे मिळतील’ या वाक्यात पुढे कोण बसलंय? मासे. मराठी ‘मिळणे’ची हीच रीत आहे: मिळणारी वस्तू कर्ता होते आणि ज्याला मिळते तो ‘मला’, ‘तुम्हाला’ होऊन मागे राहतो. इंग्रजीत ‘गेट’च्या आधी ज्याला मिळतं तो माणूस हवा. तुम्ही माशांना पुढे बसवलंत. मग ‘फ्रेश फिश गेट’ म्हणजे माशांना काहीतरी मिळतं, आणि मागे ‘हिअर’ आहे. ‘गेट हिअर’ म्हणजे इथे पोचणं, ‘टू’ न लावता, वर सांगितलं तसं. तुमच्या पाटीचा सरळ अर्थ होतो: ताजे मासे इथे येऊन पोचतात. स्वतःच्या पायांनी. त्या मुली हसत होत्या त्या सुरमई फाटक उघडून आत येतेय असं डोळ्यांसमोर येऊन.

‘यू कॅन गेट फ्रेश फिश हिअर’ हे बरोबर आहे, पण पेंटर अक्षरामागे पैसे घेतो. नुसतं ‘फ्रेश फिश’ ठेवा आणि बाकीचं पांढऱ्या रंगाने पुसून टाका. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांत ‘फ्रेश’वरही एक फडकं टाका. गळाने किंवा हाताने जाळं फेकून काही मिळालं तर पाहुण्यांना तोंडी सांगा: ‘वुई गॉट सम फिश टुडे.’